नवा एअर इनटेक बसवला आणि ट्रकचं आयडलिंग बिघडलं? दोष असा शोधा

पिकअप ट्रकला बाहेरून आणलेला एअर इनटेक (इंजिनात हवा नेणारा पाइप आणि फिल्टर) बसवल्यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच असते. गाडी पळताना ठणठणीत, पण उभी राहिली की आरपीएमचा काटा वर-खाली नाचतो, स्टिअरिंग थरथरतं आणि कधी ब्रेक मारून थांबता थांबता इंजिनच बंद पडतं. पाठोपाठ चेक इंजिनचा दिवाही लागतो. नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो आणि तो प्लग, कॉइल, फ्यूएल पंप असं एकेक बदलायला घेतो. कृपा करून तसं करू नका. काल धड असलेली गाडी आज इनटेक बदलल्यावर बिघडली असेल, तर दोष बहुतेक वेळा तुम्ही हात लावलेल्या त्याच भागात असतो, आणि तो शोधायला महागड्या पार्टपेक्षा टॉर्च, पेचकस, एक साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून दोषाचे कोड वाचणारं यंत्र) आणि थोडा धीर जास्त उपयोगी पडतो.

हा लेख पेट्रोल इंजिनाच्या ट्रकसाठी आहे. टर्बो आणि डिझेलबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आधी हे समजून घ्या: इंजिनाला हवा मोजून लागते

पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. किती पेट्रोल सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, पण त्यासाठी आत किती हवा आली हे त्याला आधी कळावं लागतं. बहुतेक ट्रकमध्ये ही बातमी देतो मास एअर फ्लो सेन्सर, म्हणजे मॅफ. फिल्टरच्या लगेच पुढे, पाइपमध्ये हा बसवलेला असतो. त्याच्या आत केसासारखी बारीक तार किंवा पातळ पट्टी असते. ती आजूबाजूच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेली असते. हवा तिच्यावरून गेली की ती थंड होते, आणि तिला पुन्हा तेवढंच गरम ठेवायला जेवढा करंट लागतो त्यावरून हवेचा हिशेब निघतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढची सगळी तपासणी त्यांच्यावरच उभी आहे. एक, मॅफच्या पुढे कुठूनही हवा आत शिरली तर ती मोजलीच जात नाही. ईसीयू कमी पेट्रोल सोडतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. दोन, मॅफ पाइपमधली सगळी हवा मोजत नाही. तो आपल्या समोरून जाणाऱ्या थोड्याशा हवेवरून एकूण हवेचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज कंपनीच्या मूळ पाइपच्या मापावर बसवलेला असतो. पाइप बदलला की अंदाज चुकू शकतो.

आयडलवरच, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, त्रास का जाणवतो, हेही यातच आलं. पाच लिटरचं इंजिन गरम झाल्यावर आयडलला सेकंदाला जेमतेम चार-पाच ग्रॅम हवा घेतं. त्यात अर्धा ग्रॅम हवा चोरवाटेने आली तर हिशेब दहा टक्क्यांनी कोसळतो. हायवेवर तेच इंजिन याच्या कितीतरी पट हवा ओढत असतं, तिथे अर्ध्या ग्रॅमचं कुणालाच काही वाटत नाही.

सगळ्याच गाड्यांत मॅफ नसतो, हे मात्र आधी बघून घ्या. काही इंजिनं मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातला) दाब मोजून हवेचा हिशेब करतात. राम १५०० मधलं ५.७ लिटर हेमी हे त्याचं ओळखीचं उदाहरण. अशा गाडीत फिल्टर आणि थ्रॉटल (हवा कमी-जास्त सोडणारी झडप) यांच्यामध्ये पाइप थोडा गळत असला तरी मिश्रण बिघडत नाही, कारण दाब पुढे मॅनिफोल्डमध्ये मोजला जातो. तिथे पाइपमध्ये फक्त हवेचं तापमान सांगणारा आयएटी सेन्सर असतो. त्याचा कनेक्टर, आणि काम करताना मॅनिफोल्डवरचा एखादा होज निघाला आहे का, हे बघा. मॅनिफोल्डमध्ये गळती असली तर अशा इंजिनात आयडल आरपीएम बऱ्याचदा वर चढून बसतो.

पायरी १: खरंच आयडलिंग बिघडलंय का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण विचारा. कंपनीच्या मूळ पाइपला जे प्लास्टिकचे बंद डबे चिकटवलेले असतात ते रेझोनेटर. त्यांचं कामच इनटेकचा आवाज गिळणं हे असतं. नव्या किटमध्ये ते नसतात, त्यामुळे पूर्वी कधी न ऐकलेला घुमणारा आवाज, सुसकारा, फिल्टरची ओढ हे सगळं एकदम कानावर येतं. शिवाय नवा पाइप किंवा हीट शील्ड फेंडरला, रेडिएटरच्या चौकटीला किंवा बॉनेटच्या आतल्या बाजूला टेकत असेल, तर इंजिनाची नेहमीची थरथर थेट केबिनमध्ये पोचते.

इंजिन गरम करा, एसी बंद ठेवा आणि आरपीएमचा काटा दोन मिनिटं बघत बसा. बहुतेक व्ही-६ आणि व्ही-८ ट्रक गरम झाल्यावर ६०० ते ७५० च्या आसपास स्थिर उभे राहतात. काटा स्थिर आणि फक्त थरथर जास्त असेल, तर पाइप कुठे टेकतोय ते हाताने चाचपून बघा, ब्रॅकेटची रबरी बुशं बसली आहेत का ते पाहा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं. काटा नाचत असेल, आचके बसत असतील, इंजिन बंद पडत असेल, तर पुढे चला.

दोन सूचना इथेच. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो. अशा वेळी गाडी चालवत दोष शोधू नका, इंजिन बंद करा. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका, दार सताड उघडं हवं. इलेक्ट्रिक पंखा कधीही फिरायला लागतो, म्हणून ओढणी, सैल बाही, लोंबणारी दोरी काहीही जवळ नको.

पायरी २: कोड वाचा, लिहून घ्या, पुसू नका

दिवा लागला की लोक पहिलं काम कोड, म्हणजे ईसीयूने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, पुसायचं करतात. कोडबरोबर ईसीयूने त्या क्षणाची नोंदही ठेवलेली असते: इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, वेग किती. हा फ्रीझ फ्रेम म्हणजे आयता पुरावा आहे. बऱ्याच गाड्यांत कोड पुसला की फ्यूएल ट्रिमची (ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेल्या कमी-जास्तची) साठवलेली माहितीही जाते आणि तुम्ही पुन्हा शून्यावर येता.

इनटेक बसवल्यावर नेहमी भेटणारे कोड असे. पी०१०१ म्हणजे मॅफचं रीडिंग अपेक्षेशी जुळत नाही. पी०१०२ आणि पी०१०३ म्हणजे त्याचा सिग्नल फार कमी किंवा फार जास्त, आणि इथे आधी कनेक्टर आणि वायर बघायची. पी०१७१ आणि पी०१७४ म्हणजे अनुक्रमे पहिली आणि दुसरी बँक (सिलिंडरांची रांग) लीन. व्ही इंजिनात हे दोन्ही एकदम आले तर दोष दोन्ही बाजूंना सामाईक असलेल्या ठिकाणी, म्हणजे इनटेकच्या वाटेवर असण्याची शक्यता मोठी. पी०११३ आला तर आयएटीचा कनेक्टर लावायचा राहिला आहे का ते बघा. सर्किट तुटलं की तो सेन्सर उणे ४० अंश सेल्सिअससारखं अशक्य तापमान दाखवतो आणि ईसीयू कडाक्याच्या थंडीचा हिशेब करत बसतो. पी०५०७ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा जास्त. पी०३०० म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरला न चिकटणारं मिसिंग, आणि लीन मिश्रणाचा तो परिणामही असू शकतो. त्यामुळे पी०१७१ बरोबर पी०३०० दिसला तर आधी लीनचा माग काढा, प्लग नंतर.

पायरी ३: हात लावला तिथे तिथे पुन्हा बघा

इंजिन बंद, थंड. फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत बोट फिरवत जा.

आधी सिलिकॉनचे कपलर, म्हणजे पाइप जोडणारे रबरासारखे तुकडे. बाहेरून क्लँप आवळलेला दिसतो, पण आत पाइपची कड तिरकी बसलेली असते किंवा क्लँप कपलरच्या कडेवरून घसरून नुसत्या सिलिकॉनवर आवळला गेलेला असतो. पाइप दोन्ही हातांनी धरून पिळून बघा. फिरला किंवा पुढे-मागे सरकला तर बैठक कच्ची. क्लँप सैल करा, पाइप कपलरमध्ये पुरता आत ढकला, क्लँप कडेपासून थोडा आत घ्या आणि मग आवळा. जोर लावून शेवटपर्यंत पिळायची गरज नसते. फार आवळलं की सिलिकॉन क्लँपच्या खाचांतून बाहेर येतं, कापलं जातं, आणि गळती तिथूनच सुरू होते. थ्रॉटल बॉडीच्या खालच्या बाजूचा भाग वरून दिसत नाही, तिथे छोटा आरसा किंवा मोबाईलचा कॅमेरा घाला.

पाइप एकदा काढलाच आहे तर आतही डोकवा. काम करताना थ्रॉटलच्या तोंडाशी कापड कोंबलं होतं का? किटमधलं फोमचं वेष्टण, प्लास्टिकचं टोपण आत राहिलं आहे का? वाचायला बाळबोध वाटतं, पण घडतं. इग्निशन चालू असताना थ्रॉटलची पाकळी मात्र बोटाने उघडू नका. ती मोटरवर चालते, बोट अडकू शकतं आणि आतल्या गिअरचंही नुकसान होऊ शकतं.

आता मॅफ. याच्यासाठी वेळ काढा. सेन्सरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो फिल्टरकडून इंजिनाकडे असायला हवा. काही पाइपांवर दोन्ही स्क्रू सारख्या अंतरावर असल्याने सेन्सर उलटाही बसतो, आणि उलटा बसलेला सेन्सर खोटंच सांगणार. त्याची ओ-रिंग जुन्या पाइपमध्ये चिकटून राहिली नाही ना, नव्या भोकात चिमटली नाही ना, ते बघा. सेन्सर पाइपच्या पृष्ठभागाला सपाट टेकला पाहिजे. खाली फट राहिली तर तिथून हवाही येते आणि आतली तार ठरलेल्या खोलीवरही बसत नाही. प्लास्टिकच्या पाइपमध्ये स्क्रू तिरका गेला तर आटे जातात, म्हणून सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. शेवटी कनेक्टर. 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबा आणि हलकेच मागे ओढून बघा. नव्या पाइपवर सेन्सरची जागा सरकल्यामुळे वायरिंग ताणलं गेलं असेल, तर आयडलला वायर हळूच हलवा. हलवल्याबरोबर इंजिन आचका देत असेल तर दोष सापडला.

पायरी ४: क्रँककेसचा श्वास, म्हणजे ब्रीदर होज

माझ्या मते नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात, म्हणून थोडं सविस्तर.

इंजिन चालताना पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतो. तो बाहेर काढायला पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम त्या व्हॉल्व्हमधून क्रँककेसची हवा ओढून घेतो. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी ताजी हवा दुसऱ्या बाजूने आत यावी लागते, आणि ती येते ब्रीदर होजमधून. मूळ रचनेत या होजचं दुसरं टोक इनटेक पाइपला, मॅफ आणि थ्रॉटल यांच्या मध्ये जोडलेलं असतं. म्हणजे क्रँककेसमधून फिरून मॅनिफोल्डमध्ये येणारी हवासुद्धा आधी मॅफसमोरून गेलेली, मोजलेली असते.

आता किट बसवताना काय होतं? होज नव्या पाइपच्या नळीपर्यंत पोचत नाही, किंवा नळीचं माप वेगळं असतं. मग माणूस व्हॉल्व्ह कव्हरवर एक छोटा ब्रीदर फिल्टर खोचून देतो आणि पाइपवरची नळी रबरी टोपीने बंद करतो. दिसायला स्वच्छ काम. पण आता पीसीव्हीतून जाणारी सगळी हवा त्या छोट्या फिल्टरमधून, मॅफला चुकवून आत येते. आयडलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम जोरदार असतो आणि इंजिनाची एकूण हवा कमी, म्हणून एवढ्याशा हवेनेही मिश्रण लीन होतं. थ्रॉटल उघडला की एकूण हवा वाढते आणि त्रास पुसट होतो. 'पळताना ठीक, थांबली की थरथरते' या तक्रारीचं हे अगदी ठराविक कारण आहे.

उपाय एकच: ब्रीदर होज मॅफच्या पुढे, थ्रॉटलच्या आधी, इनटेक पाइपला जोडायचा. होज तोकडा पडत असेल तर त्याच मापाचा, तेल आणि पेट्रोलची वाफ सोसणारा नवा होज घ्या. साधी पाण्याची रबरी नळी काही महिन्यांत मऊ पडून चपटी होते. नळीचं माप जुळत नसेल तर रिड्यूसर लावा, टेप गुंडाळून भागवू नका.

याच वेळी पाइपवरच्या बाकीच्या नळ्या मोजा. जुन्या पाइपला किती होज होते आणि नव्याला किती आहेत? ब्रेक बूस्टरचा होज, पेट्रोलच्या वाफेची पर्ज लाइन हे बहुधा मॅनिफोल्डवर असतात, पण ऐसपैस हात चालवताना ते कोपराने निसटतात. जुना पाइप फेकला नसेल (फेकूच नका) तर तो शेजारी ठेवून एकेक नळी ताडून बघा.

पायरी ५: फ्यूएल ट्रिम बघा, मग दिशा कळते

वरवर सगळं ठीक दिसतंय आणि आयडल तरीही खराब आहे, तर स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा. दोन आकडे हवेत: शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीयू पेट्रोल किती टक्क्यांनी वाढवतोय किंवा घटवतोय, हे ते सांगतात. अधिक म्हणजे मिश्रण लीन म्हणून पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे रिच (पेट्रोल जास्त) म्हणून घटवतोय. दोघांची बेरीज करा. पाच टक्क्यांच्या आत असेल तर छान, दहापर्यंत चालतं, त्यापुढे काहीतरी चुकतंय.

इंजिन पूर्ण गरम करा. आधी आयडलला आकडे लिहा. मग न्यूट्रल किंवा पार्कमध्ये रेस २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरा आणि पुन्हा लिहा. या दोन आकड्यांमधलं नातं सगळं सांगून जातं.

समजा आयडलला अधिक १८ आणि २५०० ला अधिक ४ आले. मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमने ओढली जाणारी चोरटी हवा आहे. पायरी ४ पुन्हा करा, मॅनिफोल्डवरचे होज, पीसीव्ही, ब्रेक बूस्टर बघा. मॅनिफोल्डचं गॅस्केट जुनं होतं आणि योगायोगाने आत्ताच गेलं, असंही होऊ शकतं, पण ते शेवटी धरा.

समजा आयडलला अधिक १५ आणि २५०० लाही अधिक १४. हवा थोडी थोडी सगळीकडेच कमी मोजली जातेय. मग एक तर मॅफ आणि थ्रॉटलमधला पाइप किंवा कपलर गळतोय, नाही तर पाइपचं माप सेन्सरला मानवत नाही.

मापाचा मुद्दा उघड आहे. नदीचं पात्र रुंद झालं की तेवढंच पाणी संथ वाहतं, तसंच इथे. मूळ पाइप मॅफच्या जागी ८० मिमी आणि नवा ८६ मिमी आतून असेल, तर क्षेत्रफळ सुमारे १५.५ टक्क्यांनी वाढलं. तेवढीच हवा आता सेन्सरसमोरून सावकाश जाते, सेन्सर ती कमी समजतो आणि ईसीयूला ट्रिमने साधारण तेवढ्याच टक्क्यांची भरपाई करावी लागते. व्हर्निअर कॅलिपरने दोन्ही पाइप मॅफच्या जागी आतून मोजा. फरक असेल तर किटसोबतची पत्रिका वाचा. काही किट ईसीयूच्या ट्यूनिंगशिवाय चालवायची नसतातच, आणि तसं तिथे लिहिलेलं असतं. अशा वेळी मॅफचं कॅलिब्रेशन जाणकाराकडून बदलून घ्या किंवा मूळ मापाचा किट घ्या. क्लँप आवळत बसून हा दोष जाणार नाही.

ट्रिम उणे असतील, किंवा आयडलला एकीकडे आणि लोडवर दुसरीकडे झुकत असतील, तर मॅफ घाण झालाय का ते बघा. तो पुढच्या पायरीत आहे.

ट्रिम अगदी साळसूद, शून्याच्या आसपास, आणि तरी काटा नाचतोय? मग मिश्रणाचा प्रश्न नाही. थेट पायरी ७ वर जा.

मॅफचा आकडाही एकदा बघून ठेवा. गरम इंजिनाला आयडलला, इतर काही लोड नसताना, दर लिटर क्षमतेला सेकंदाला साधारण एक ग्रॅम हवा हा ठोकताळा आहे. पाच लिटरच्या इंजिनाला दोनच ग्रॅम दिसत असतील तर काहीतरी नक्कीच मोजायचं राहतंय.

पायरी ६: गळती शोधणं आणि मॅफ धुणं

गळती शोधायला सगळ्यात चांगली ती स्मोक टेस्ट. अगदी कमी दाबाने पाइपमध्ये धूर भरतात आणि तो जिथून बाहेर येतो तिथे गळती. यंत्र नसेल तर वर्कशॉपमध्ये करून घ्या. घरी स्प्रे बाटलीत साधं पाणी घेऊन चालू इंजिनाच्या कपलरवर, होजच्या टोकांवर हलका फवारा मारा. गळती असेल तर पाणी ती क्षणभर बंद करतं आणि इंजिनाचा आवाज बदलतो. कनेक्टर आणि कॉइलवर पाणी नको. कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची जुनी सवय बऱ्याच जणांना आहे. तो ज्वालाग्राही आहे आणि समोर तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणून नवख्या माणसाने तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तेल लावलेले कापडी फिल्टर हा मॅफचा जुना शत्रू. धुऊन पुन्हा तेल लावताना हात सैल सुटला की जादा तेल हवेबरोबर येऊन तारेवर बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि तार उशिरा थंड होते. असा सेन्सर बऱ्याचदा आयडलला हवा जास्त आणि जोर लागल्यावर कमी सांगतो. फिल्टर हाताला ओला लागत असेल किंवा पाइपच्या आत तेलाचा ओशट थर असेल, तर पाइप पुसून कोरडा करा, फिल्टरचं जादा तेल टिपून घ्या.

सेन्सर धुवायला फक्त मॅफ क्लीनर नावाने मिळणारा स्प्रे. ब्रेक क्लीनर, कार्ब क्लीनर नाही, त्यांनी सेन्सरचं प्लास्टिक आणि आतला लेप खराब होऊ शकतो. इग्निशन बंद, सेन्सर बाहेर, थोड्या अंतरावरून दहा-पंधरा छोटे फवारे. तारेला बोट, कापूस, ब्रश काहीही लावायचं नाही, ती तुटते. कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. आपोआप पूर्ण वाळू द्या आणि मगच बसवा.

पायरी ७: ट्रिम ठीक, आयडल खराब

इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, आयडलचं शिकणं. बहुतेक किटच्या सूचनांत बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायला सांगितलेलं असतं. ते काढलं की कित्येक गाड्यांत थ्रॉटल आयडलला किती उघडा ठेवायचा हे ईसीयूने साठवलेलं विसरलं जातं. थ्रॉटल बॉडीत काजळी असेल तर तोवर ईसीयूने तिच्यासकट जमवून घेतलेलं असतं, आता ते सगळं नव्याने शिकायचं असतं. इंजिन पूर्ण गरम करा, सगळं बंद ठेवून काही मिनिटं आयडलला राहू द्या, मग एसी लावून काही मिनिटं. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक घट्ट दाबून ड्राइव्हमध्येही तसंच करा. नंतर शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर मिळून थोडी चालवा. काही मॉडेलना यासाठी ठरावीक पद्धत किंवा स्कॅनरवरची आज्ञा लागते, ती सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. थ्रॉटल बॉडी काळी असेल तर शिकवण्याआधी साफ करून घ्या.

दुसरी, पंख्याचा वारा. उघडा कोनाकृती फिल्टर रेडिएटरच्या पंख्याशेजारी असेल तर पंख्याची हवा फिल्टरवर आदळून मॅफसमोरचा प्रवाह हेलकावतो. ओळखायची खूण अशी: पंखा सुरू झाला की काटा नाचायला लागतो, थांबला की शांत होतो. फिल्टर आणि पंख्याच्या मध्ये तात्पुरता पुठ्ठा धरून बघा, पंख्यापासून हात लांब ठेवून. फरक पडला तर हीट शील्ड नीट बसवा किंवा बंद डब्याचा किट घ्या. पाइपच्या वळणाला लागूनच मॅफ असेल तरीही प्रवाह असा भोवरे घेतो. मूळ डब्यात मॅफच्या आधी जाळी असेल आणि नव्या पाइपमध्ये ती नसेल, तर कारण तेही असू शकतं.

तिसरी, शेजारचं काहीतरी. कॉइलचा कनेक्टर, इंजेक्टरची वायर, थ्रॉटल बॉडीचा प्लग. पाना घसरून हात आपटलेला असतो आणि एक सिलिंडर अर्धवट चालत असतो. पी०३०१, पी०३०२ असा एखाद्याच सिलिंडरचा कोड आला तर तिकडेच बघा.

पायरी ८: मूळ डबा परत लावा

एवढं करूनही उलगडा होत नसेल, तर जुना एअर बॉक्स, जुना पाइप, जुना फिल्टर जसाच्या तसा परत बसवा. ही माघार नाही, हीच सगळ्यात खात्रीची चाचणी आहे. काहींनी ती सगळ्यात आधी केली तरी मी त्यांना चूक म्हणणार नाही. मूळ डब्यावर गाडी शांत उभी राहिली आणि ट्रिम जागेवर आले, तर दोष किटमध्ये किंवा त्याच्या बैठकीत आहे. तरीही थरथर राहिली, तर इनटेक निर्दोष आहे आणि मग प्लग, कॉइल, मॅनिफोल्ड गॅस्केट, इंजेक्टर यांच्याकडे वळायला हरकत नाही. मॅफचा सेन्सर नवा घ्यायचा विचारही या चाचणीनंतरच करा, आणि घ्यायचाच तर मूळ कंपनीच्या दर्जाचा घ्या.

टर्बो आणि डिझेल

टर्बो पेट्रोलमध्ये गळतीचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. टर्बोच्या आधी गळती असेल तर न मोजलेली आणि न गाळलेली हवा आत येते, आणि धूळ थेट कॉम्प्रेसरच्या पात्यांवर जाते. टर्बोच्या पुढे गळती असेल तर बूस्टखाली मोजलेली हवा बाहेर निसटते, मिश्रण रिच होतं आणि जोर कमी पडतो.

डिझेलमध्ये आयडल पेट्रोलसारखं हवेच्या मापावर चालत नाही. तिथे इनटेकच्या चुकीची खूण बहुधा काळा धूर आणि ओढ कमी होणं अशी दिसते. डिझेल इंजिन आयडलला आचके देत असेल तर इंधनाची बाजू, इंजेक्टर आणि ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आधी बघावे लागतात.

काम झाल्यावर

दोष सापडला, दुरुस्त झाला की आता कोड पुसा. गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवा आणि आयडल आणि २५०० आरपीएमचे ट्रिम पुन्हा लिहून आधीच्या आकड्यांशेजारी ठेवा. सिलिकॉनचे कपलर दोन-चार वेळा तापून थंड झाले की थोडे बसतात, त्यामुळे आठवडाभराने सगळे क्लँप थंड इंजिनावर एकदा तपासून घ्या. आणि मूळ डबा, पाइप, त्याचे स्क्रू एका खोक्यात घालून वर गाडीचं मॉडेल लिहून ठेवा.